बायांची पेटी

छातीवर हात ठेवून सांगा: तुमच्या घरातली बाई गेल्या निवडणुकीत कुणाला मत देऊन आली, हे तुम्हाला खरंच माहीत आहे?

आमच्या लक्ष्मणजींना माहीत होतं. स्वतःच्या घरातलंच नव्हे, नागपुरातल्या आमच्या अख्ख्या विणकर गल्लीतलं. निवडणूक आली की हातमाग थांबवून ते आपल्या उमेदवारासाठी दारोदार फिरत आणि फक्त पुरुषांना विचारत, "का गा, तुझ्या घरचे पाच पक्के नं?" तो "हाव" म्हणाला की मागाच्या खांबावर खडूनं पाच रेघा. म्हातारी आई, बायको, सुना, सगळ्या त्या एका "हाव"मध्ये. "बाई का वेगळी असते? एक घर, एक गठ्ठा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि क्रांतीची पत्रकं वाटत होतो. लक्ष्मणजींना मी जुनाट म्हणायचो. पण आमचं प्रत्येक पत्रकही "बंधूंनो" असंच सुरू व्हायचं, आणि ते आम्ही पानठेल्यावर वाटायचो, जिथे एक बाई फिरकत नसे. हे लिहायला लाज वाटते. म्हणूनच लिहितो आहे.

साठच्या दशकात एका कार्पोरेशन निवडणुकीत लक्ष्मणजींचा अंदाज थोडासा चुकला. "म्हाताऱ्या बायांनी भलत्या जागी शिक्के मारले," ते म्हणाले. आमच्या वॉर्डात बायांचं बूथ वेगळं असे, पेटीही वेगळी मोजत. त्यामुळे काही लपत नसे. पुढच्या खेपेला पुरुषांची पेटी लक्ष्मणजींच्या उमेदवाराची निघाली, बायांची निम्मीच. त्यापुढच्या खेपेला बायांच्या पेटीनं त्याला सपशेल पाडलं आणि गल्लीत नळ आणतो म्हणणाऱ्याला निवडून दिलं.

"लक्ष्मणजी, गठ्ठा सुटला का गा?" पानठेल्यावर हशा झाला. लक्ष्मणजी तडक घरी. मागोमाग मी. त्यांच्या पत्नी यमुनाबाई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या.

"तू बी का वं?"

"मत गुप्त असते."

"सांग नं वं. मी का तुले मारून राहिलो?"

चरखा थांबला नाही. "रोजचं पाणी मी कुठून आणते, सांगा बरं."

लक्ष्मणजींना ते माहीत नव्हतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. ओलं फडकं घेऊन त्यांनी खांबावरच्या रेघा पुसल्या, आणि पुन्हा कधी कुणाच्या दारात विचारायला गेले नाहीत.

पुढे यमुनाबाईंना आजारपणानं गाठलं. धंतोलीतल्या दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. मतदान आठवड्यावर होतं. मतदानाच्या दिवशी लक्ष्मणजींनी सायकलरिक्षा आणली, त्यांना धरून बायांच्या रांगेपर्यंत नेलं. शेजारचा एक जण ओरडला, "काहून नेऊन राहिले? तिचं मत तुमचं मत काटते नं!"

"काटू दे. पण पडू दे."

बायांनी यमुनाबाईंना पुढे घेतलं. लक्ष्मणजी मात्र लांब जाऊन पाठ करून उभे राहिले; आपण काही खुणावलं असं कुणी म्हणू नये म्हणून.

पुढची निवडणूक यमुनाबाईंनी पाहिली नाही. त्या मतदानाच्या दिवशी लक्ष्मणजी बूथ असलेल्या शाळेच्या पायरीवर एकटे बसलेले दिसले. बोटावर शाई होती. मी विचारलं, "कोण येते यंदा?"

"मले नाई ठाव." ते बायांच्या रांगेकडे पाहत होते. "माझं मत पडलं गा. काटणारं कोणी नाई उरलं."

वाचकहो, पुढच्या मतदानापर्यंत थांबू नका. आजच घरातल्या बाईजवळ बसा आणि तिला विचारा. मत कुणाला देणार हे नव्हे. तिला काय हवं आहे, ते. आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये एक शब्दही बोलू नका.