मिट्टेरे, म्हणजे पाठवणे

प्रगत राज्य ओळखायची खूण एकच: तिथे नकार मिळायलाही वेळ लागतो. जव्हार संस्थान होतं तेव्हा कारभारी पाच मिनिटांत "नाही" म्हणून मोकळे होत. विलीनीकरणानंतर ही घाई संपली आणि कचेरीत इंग्रजी शब्द आले: सबमिट, परमिट, ट्रान्समिट, कमिटी, कमिशन, डिसमिस. कॉलेजात शिकवलं होतं की ही सगळी एकाच लॅटिन आईची लेकरं. आईचं नाव मिट्टेरे, अर्थ, पाठवणे. (पाठ पुण्यात केलं होतं. समजलं जव्हारला.)

माझी शरू सहा महिन्यांची झाली आणि तिला माझं दूध पुरेना. डब्यातलं दूध परमिटवर मिळे. दिवसातून चारदा तिचं मनगट दोन बोटांत धरून बघायची. त्याच बोटांनी अर्ज लिहिला आणि सबमिट केला. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी तो मोखाड्याला ट्रान्समिट केला, कारण साठा तिथे. मोखाड्याने ठाण्याला, आणि ठाण्याने "मूल आहे काय?" असा शेरा मारून परत जव्हारला. मूल होतं. (कडेवरच होतं, पण कडेवरचं मूल पुराव्यात धरत नाहीत.) मी सरासरी काढली: अर्ज दिवसाला साडेतीन मैल चालत होता. शरू अजून रांगतही नव्हती.

आमच्याकडे धुणंभांडी करणारी साखरशेतची सुकी हे सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "बाई, भूक लागलीय पोरीला, नि तुमी भरवता कागदाला!"

दुसऱ्या दिवशी तिने घरची नाचणी आणली, भिजवून वाटली, सत्त्व शिजवलं. कुणाची सही नाही, शिक्का नाही. शरूने वाटी चाटून पुसली. दोन महिन्यांत मनगट बोटांत मावेना.

परमिट आलं, डबा आला, तेव्हा शरू भाकरी चावत होती. मी कडक तक्रार लिहिली. तिची तातडीने दखल घेऊन कमिटी नेमली, आणि शिकलेली बाई म्हणून मलाच तिच्यावर घेतलं.

परवा भर श्रावणात सुकी दारात उभी. "बाई, नाचणी सरली. वर डोंगरात सूर्यमाळला लेकीचं पोर रडतंय उपाशी. तो दुधाचा डबा द्याल?"

डबा फडताळातच होता, न उघडलेला. पण शरूच्या नावावरचा. आणि मी कमिटीवर. मी सुकीला चहा दिला, स्वतःच्या हाताने तिचा अर्ज लिहून दिला (अक्षर सुरेख आलं) आणि तिला मोखाड्याला पाठवलं.

तुम्हाला माझा राग आला असेल. रास्त आहे. लेखी द्या, तीन प्रतींत. तेवढ्यासाठी डबा घेऊन सूर्यमाळ चढावी लागत नाही.