एका धुण्याची कार्यक्षमता

आमच्या ऑफिसात दोन दिवस कार्यक्षमतेवर शिबिर झालं आणि मी घरचं धुणं सुधारायचं ठरवलं. (सुधारण्यासारखं ऑफिसातही बरंच आहे, पण तिथं माझं कोणी ऐकत नाही. घरीही ऐकत नाहीत, पण निदान वॉशिंग मशीन आपलं आहे.)

शनिवारची सकाळ. संध्याकाळी आमची मुलगी शाळेच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटी गाणार होती. ते ऐकायला सासरे मुद्दाम येऊन राहिले होते. त्यांच्या कानाला नवीन श्रवणयंत्र बसवलं होतं. त्यालाही घरात सगळे मशीनच म्हणतात. ते नसलं तर दारात ट्रक उलटला तरी त्यांना पत्ता लागत नाही.

सासऱ्यांनी आयुष्यभर कारखान्यात बॉयलर सांभाळलेला. चहा घेताना मी विषय काढला, तर म्हणाले, "आत किती कोळसा घातला आणि बाहेर किती काम निघालं, ती कार्यक्षमता. शंभर टक्के कधी मिळत नाही, जावईबापू. थोडं फुकट जातंच."

बायको कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. तिला जादा तास होता. चपला घालता घालता ती म्हणाली, "आमच्यात म्हणतात, दुसऱ्याचं नुकसान केल्याशिवाय कोणाचंच आणखी भलं करता येणार नाही, इथपर्यंत पोचलं की झाली कार्यक्षमता. आणि घरात म्हणाल, तर एक काम करताना दुसरं वाढवून न ठेवणं."

ती गेल्यावर मी सासऱ्यांना शिबिरातले पंचवीस मुद्दे सांगितले. मग धुण्याकडे वळलो. बायको चार खेपा लावते. पांढरे, रंगीत, चादरी, युनिफॉर्म. मी चारही ढीग एकत्र कोंबले, गुडघा लावून दार बंद केलं आणि बटण दाबलं. खिसे तपासणं ही पायरी मी अनावश्यक म्हणून रद्द केली होती.

बाहेर येतो तो सासरे पेपर वाचत बसलेले, आणि कान रिकामा. तेव्हा मला न तपासलेले खिसे आठवले. खुंटीवरचा त्यांचा शर्ट मीच मशीनमध्ये टाकला होता. नवीन यंत्र मिळायला महिना लागतो, गाणं तर संध्याकाळी.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "बाबा, मशीन कुठं आहे?"

"बाथरूममध्ये. तुम्हीच लावलंत ना."

"ते नाही, तुमचं मशीन. शर्टात होतं का?"

"शर्ट मशीनमध्ये घालतात," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "मशीन शर्टात नाही."

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मशीन बंद केलं, तर दार उघडेना; आत पाणी होतं. म्हणून खालचं फिल्टरचं झाकण फिरवलं. ते जरा जास्तच फिरलं. जांभळं पाणी बाथरूम ओलांडून हॉलमध्ये सोफ्याखाली गेलं. सासऱ्यांनी पेपरवरची नजर न काढता पाय वर घेतले. फिल्टरमध्ये एक बटण आणि एक केसांची क्लिप निघाली. दार उघडल्यावर जांभळी चादर आणि माझे सगळे शर्ट निघाले. तेही आता जांभळेच होते. सासऱ्यांच्या शर्टाचा खिसा रिकामा होता.

मी ड्रममध्ये डोकं घालून चाचपडत असताना बायको आली.

"काय हरवलंय?"

"बाबांचं मशीन. मी धुतलं बहुतेक."

पेपरच्या कोऱ्या जागेत तिनं लिहिलं, 'मशीन कुठे ठेवलंत?' आणि वडिलांसमोर धरलं. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं, त्यातून यंत्र काढून कानात बसवलं.

"जावईबापूंचा तिसरा मुद्दा सुरू झाला तेव्हा काढून ठेवलं," ते म्हणाले. "बॅटरी वाचते."

माझ्या जिवात जीव आला. इतका, की मी तिथंच पाण्यात बसलो. बायको कधी नव्हे ती खो खो हसत सुटली. मग तिनं माझ्या हातात फडकं दिलं. नंतर धुण्याच्या आणखी पाच खेपा झाल्या.

संध्याकाळी मुलगी सुरेख गायली. सासऱ्यांनी शब्द न् शब्द ऐकला आणि दोनदा डोळे पुसले. हे मी स्टेजच्या कडेनं पाहिलं, कारण शाळेत पडदे ओढणाऱ्या माणसांचे शर्ट जांभळे होते. मी हॉलमध्ये शिरतोय तोच एका घाईतल्या बाईंनी "किती उशीर" म्हणत दोरी माझ्या हातात दिली होती. मुलीचंच गाणं, म्हणून मीही मनापासून पडदा ओढत राहिलो.

कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं.

"राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या वर्षी जरा चपळ माणूस पाठवायला सांगा."