लहानूअण्णांचे साठ वॉट

लहानूअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी प्लगच्या भोकांकडे बघतात, मग माणसांकडे. पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणतात, "ऱ्हाऊ द्या, आधी व्होल्टेज किती हाय ते बघू." आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांचा चिमटा बाहेर येतो. खेकड्याच्या नांगीसारखा हा चिमटा तारेभोवती धरला की तारेतून किती अँपियर वाहतात ते आकड्यात दिसतं. अण्णांची हयात साखर कारखान्याच्या विजेच्या मोटारी सांभाळण्यात गेली. रिटायर होऊन ते केडगावात आमच्या शेजारी राहायला आले, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीतली एकही इस्त्री त्यांच्या तपासणीतून सुटलेली नाही.

माझीही सुटली नाही. "दोनशे तीस व्होल्ट, सव्वातीन अँपियर," अण्णा म्हणाले. "भागलं की अडथळा, गुनलं की ताकद. भागा बरं, सर." मी मराठीचा मास्तर. भागाकाराला जो बसलो तो चहा निवला. शेवटी अण्णाच म्हणाले, "सत्तर ओहम. आन् गुनलं तर साडेसातशे वॉट, वर लिवलंय तेवढंच. तुमची इस्त्री खरं बोलती." माझ्याविषयी त्यांनी मत दिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

एकदा त्यांच्या ओट्यावर बसून मीच तो चिमटा हौसेने एका वायरीला लावला. आकडा शून्य. दोन्ही तारा एकत्र धरल्या की शून्यच येतो, एक तार वेगळी काढून धरावी लागते, हे मला काय ठाऊक! अण्णा म्हणाले, "सर, नवरा-बायकोला एकदम इचारलं, घरात काय चाललंय, तर दोघंबी म्हनत्यात, काय न्हाई. एकाला बाजूला घ्यावं लागतंय."

आतून त्यांच्या पत्नी, हौसाकाकू म्हणाल्या, "मग मला घ्या बाजूला, सर. मी सांगते समदं."

माझ्या पुतणीसाठी राहुरीला स्थळ बघायला गेलो तेव्हा अण्णांना बरोबर नेण्याची दुर्बुद्धी मला झाली. मुलाचे वडील म्हणाले, "बसा गारव्याला, एसी लावलाय." अण्णा तोवर पडवीत मीटरपाशी पोहोचले होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, "दोन अँपियर. गुनलं तर चारशे साठ वॉट. एवढ्यात पंखं आन् फ्रीज चालतोय, पावनं. एसीचं नुसतं खोकं हाय." आम्ही सगळे घाम पुसतच बसलो होतो, त्यामुळे पुराव्याची गरज पडली नाही. लग्न पुढे झालं, पण मुलाकडची पत्रिका अण्णांना काही आली नाही.

गेल्या वर्षी हौसाकाकूंची फुप्फुसं थकली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते थांबता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. अण्णांनी पहिल्याच दिवशी मशीनला चिमटा लावला. दीड अँपियर, म्हणजे साडेतीनशे वॉट. मग ते गल्लीत घरोघर फिरून विनवू लागले, "सकाळी समद्यांनी एकदम गिझर लावू नका, लाईन दबती, मशीन बंद पडंल." लोक हसले. मीही हसलो, आणि त्याची मला आज लाज वाटते.

चैत्रात एक दिवस कळलं की लाईनच्या कामासाठी दहा ते एक वीज बंद राहणार. अण्णांनी इन्व्हर्टरचं गणित मांडलं. एकटं मशीन चालवलं तर बॅटरी तीन तास दहा मिनिटं पुरणार होती. त्यांनी फ्रीज काढला, दिवा काढला, मोबाईलचा चार्जरसुद्धा काढला. कुंपणापलीकडून मला म्हणाले, "दहा मिन्टं शिल्लक ऱ्हात्यात, सर. जमतंय." आदल्या रात्री काकूंची पाठ चोळत ते जागेच होते. साडेदहाला खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

पाऊण वाजता मशीन ओरडायला लागलं. बॅटरी संपली होती. मी गाडी काढली, आम्ही दवाखाना गाठला, पण काकू चौथ्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच संपली होती, त्या पंधरा मिनिटांनी काही फरक पडला नाही.

दहावं झाल्यावर दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. अण्णा टेबलफॅन लावून, त्याची एक तार वेगळी काढून तिला चिमटा धरून बसले होते. वर न बघता म्हणाले, "पाव अँपियर. साठ वॉट भरतंय."

मला काही उमगेना. मग त्यांनीच सांगितलं. मशीन ओरडल्यावर ते दचकून उठले, तेव्हा हा पंखा चालू होता. त्यांना डोळा लागलेला बघून काकूंनी खाटेवरूनच हात लांबवून इन्व्हर्टरच्या प्लगला तो लावला होता, आणि त्याचं तोंड अण्णांच्या खुर्चीकडे केलं होतं. बॅटरी लवकर गेली ती त्यानं.

मी म्हणालो, "अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय ना, त्यानं काही झालं नाही म्हणून. आणि तुमचं गणित काही चुकलं नव्हतं."

"चुकलंच," अण्णा म्हणाले. "मी मशीन धरलं, दिवा धरला, चार्जर धरला. मला घाम आलेला बघून ती गप पडून ऱ्हायची न्हाई, ह्ये धरलंच न्हाई. चाळीस वरसं बघत हुतो, सर. धरायला पायजे हुतं."