मारोतीकाकांच्या भिंतीवरचा कागद

आमचे शेजारी मारोतीकाका कुणाकडेही चहा प्यायले, की कप रुमालानं पुसून मगच खाली ठेवतात. पोलिसांत बोटांचे ठसे जुळवण्यात त्यांची उभी हयात गेली. “आपली निशाणी कुठं सोडू न्हाई, मास्तर,” असं ते मला बजावतात. मी लातूरच्या एका शाळेत गणित शिकवतो, माझ्या निशाणीला कोण विचारतंय? तरी एकदा पाहुण्यांकडे मीही गुपचूप कप पुसला.

काकांच्या ध्यानात नावं राहत नाहीत, बोटं राहतात. मी ‘तीन चक्र, सात शंख’. माझी बायको ‘दहाच्या दहा शंख’. पुतण्यासाठी उदगीरला मुलगी पाहायला गेले, तर तिचे हात बघून “चक्रं लई झकास हायेत” म्हणाले आणि नाव विचारायचं विसरून परत आले.

त्यांच्या बैठकीत देवाच्या फोटोशेजारी चौकटीत एक कागद आहे. त्यावर दहा काळे डाग, एकातही धड रेष नाही. “काका, ही परीक्षा नापास झालात वाटतं?” अशी मी एकदा थट्टा केली. काका नुसते हसले.

परवा माझ्या नातवाच्या उष्टावणाच्या आदल्या दिवशी आमची चांदीची वाटी सापडेना. “कपाटापाशी कोण गेलं होतं?” मी ओरडलो. आमच्याकडे भांडी घासणाऱ्या गंगाबाई तेवढ्या समोर होत्या. झालं! दुपारपर्यंत गल्लीतल्या दोन घरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बिचाऱ्या आमच्या पायरीवर रडत बसल्या.

काका आपली जुनी पेटी घेऊन आले. “कुणी कायबी शिवू नका!” वाटीचा डबा बायकोनं मागेच घासूनपुसून ठेवला होता; आता रिकाम्या सापडलेल्या त्या डब्यावर काकांनी ब्रशनं काळी पूड फिरवली, भिंग लावलं. मग गंगाबाईंचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. नुसता काळा डाग उमटला.

“बघा! भांड्याच्या पावडरीनं सगळ्या रेषा खाल्ल्यात. डब्यावर तर आरशावानी साफ चक्र हाय. ह्या बाईचा हात न्हाई त्यो.” काका सावकाश माझ्याकडे वळले. “तीन चक्र, सात शंख, वाटी कुठं ठिवली?”

तेव्हा कुठं मला आठवलं. गावाला जाताना चोराच्या धास्तीनं मीच ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती.

मी सगळ्यांदेखत गंगाबाईंची माफी मागितली, त्या दोन्ही घरी जाऊन माझा गाढवपणा सांगून आलो. परतलो, तेव्हा काका पायरीवर बसून तेलाच्या बोळ्यानं गंगाबाईंच्या अंगठ्याची शाई पुसत होते.

“बाई, शिकाऊ व्हतो तवा पयले ठसे म्या मायचे घेतले. खुरपून खुरपून बोटं झिजलेली. दहाच्या दहा डाग! साहेब म्हणला, फेकून दे. म्या न्हाई फेकला. तिचा फोटू कवा काढलाच न्हाई. तेवढंच हाय घरात.”

मी केलेली थट्टा आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नाव काय व्हतं काका मायचं?” गंगाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

गल्लीतल्या एकाही माणसाचं नाव ज्यांना आठवत नाही, ते काका क्षणभरही थांबले नाहीत.

“सोनाबाई,” ते म्हणाले.