लाळ पुसू नका

आमच्या केशोरीत कुणाकडे बाळ जन्मलं, गाय किंवा बकरी व्याली, की डोमाजी मास्तर साबणाने हात धुऊन हजर होतात. पहिला प्रश्न ठरलेला: "लाळ कशी आहे?"

कौतुक नाही, नाव काय ठेवलं याची चौकशी नाही. आई बाळाचं तोंड पुसायला लागली की ओरडतात, "पुसू नका! औषध आहे ते!" एका बारशाला त्यांनी पाहुण्यांच्या मुलाच्या तोंडातही बोट घातलं. त्याला दात आले होते. बोट झटकत मास्तर म्हणाले, "पकड उत्तम."

मास्तर गोंदियाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गाव मात्र त्यांना मास्तरच म्हणतं. नवजात पिल्लांच्या लालाग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मुलांनो, मला हे त्यांच्याकडूनच कळलं, की त्या ग्रंथींत चरबीचे बारीक थेंब साठलेले दिसतात. "शिदोरी घेऊनच येतं पिल्लू," असं ते म्हणतात. शिवाय लाळेत दुधातली चरबी फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. पिल्लू चोखतं तेव्हा ते भरपूर सुटतं. चरायला लागलं की हळूहळू आटतं.

पत्नी गेल्यापासून मास्तर एकटे राहतात. मी जेवायला बोलावलं तर "काम आहे" म्हणतात. काम म्हणजे लाळ.

गेल्या हिवाळ्यात समोरच्या शेवंताची बकरी व्याली आणि मेली. दुसरी बकरी पिल्लाला जवळ घेईना. शेवंता वाटीने त्या बकरीचं दूध पिल्लाच्या तोंडात ओतायची, ते नाकातून बाहेर यायचं. पिल्लू मान टाकू लागलं होतं. मास्तर आले आणि दुधात बुडवलेलं बोट त्यांनी त्याच्या तोंडात दिलं.

"मास्तर, मी दूध पाजून राहिली ना! तुमी बोट कायले घालून राहिले?"

"ओतू नको. त्याला चोखू दे. चोखलं की लाळ सुटते, तरच दूध अंगी लागेल."

"बकरीचं पिल्लू हाय ते. जावयावानी काऊन खातिर करता?"

मास्तर ऐकतात कुठे! दुपारभर अंगणात मांडी घालून बसले. पिल्लू आधी नुसतं ओठ हलवत होतं. ऊन कलताना त्याने बोट ओढलं. मग मास्तरांनी हळूच बोटाच्या जागी दुधाच्या बाटलीचं रबरी बूच सरकवलं. पिल्लाची शेपटी थरथरली. मास्तरांच्या धोतरावर लाळेचा ओघळ उतरला. तो त्यांनी घरी जाईपर्यंत पुसला नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ ते येत राहिले. पिल्लू वाढलं, उड्या मारू लागलं. एके दिवशी त्याने बोट हुंगलं आणि तोंड फिरवून माझ्या जास्वंदीचा पाला ओढला. "झालं," मास्तर म्हणाले. "आता लाळेतलं ते आटणार." बोट धोतराला पुसून ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यानंतरही नाहीत.

मग शेवंताच त्यांच्या दारात गेली. त्यांचं घर माझ्या शेजारीच, मी ओट्यावरून ऐकत होते. "मास्तर, चाला लवकर. पिल्लू काईच खाऊन नाही राहिलं."

त्या वेळी ते पिल्लू माझी उरलेली जास्वंद संपवत होतं.

मास्तर हात धुऊन आले. पिल्लाचं टम्म पोट त्यांनी पाहिलं. शेवंताच्या चुलीवर चहा उकळत होता, शेजारी दोन कप मांडलेले होते, तेही पाहिलं. मग खाली बसून पिल्लापुढे बोट धरलं. पिल्लाने ते एकदा चाटलं आणि निघून गेलं.

ओलं बोट उजेडात धरून मास्तर गंभीरपणे म्हणाले, "आहे. अजून थोडं आहे ते. उद्या पुन्हा बघावं लागेल."

"तं मंग या ना," शेवंता म्हणाली आणि चहा गाळू लागली.