भिंतींचं पांघरूण

माणूस थंडीने कुडकुडतो, हा एक गैरसमज आहे. कुडकुडतात त्या भिंती. माणूस फक्त साथ देतो. ऊर्जा-सल्लागारांनी आम्हाला हे समजावलं, तेव्हा बाबा शाल गुंडाळून पलंगावर बसले होते. घरात सर्वांत गार खोली त्यांचीच.

"मला एक जाड पांघरूण आणलंस तरी पुरे रे," बाबा म्हणाले.

"आजोबा, पांघरूण तात्पुरतं. आपण भिंतीलाच पांघरूण घालू," सल्लागार म्हणाले.

इतका दूरचा विचार आमच्या घराण्यात आजवर कोणी केला नव्हता. चारही भिंतींना आतून थर्माकोलचं अस्तर बसलं. घरातले नव्वद टक्के लोक समाधानी झाले (उरलेले दहा टक्के बाबा). म्हणून दुसरा थर दिला. खोली सगळीकडून वीतभर आत आली, तेव्हा कपाट बाहेर काढलं, मग खुर्ची. घरात किती अडगळ होती, ते तेव्हा कळलं. खिडकी म्हणजे शेवटी भिंतीला पडलेलं भोकच, म्हणून तीही बुजवली.

मग तपासणी झाली. सल्लागारांकडे एक कॅमेरा आहे; उष्णता जिथून निसटते, तिथे त्यात लाल दिसतं. भिंती निळ्या, छत निळं, दारसुद्धा निळं! माझा ऊर भरून आला. मधोमध तेवढा एक लाल डाग होता. सल्लागारांनी काच पुसून पुन्हा पाहिलं. डाग शिंकला.

"हे कोण?"

"बाबा."

"सगळी गळती यांच्यातूनच आहे हो. यांच्यापायी तुमच्या खोलीचं ऊर्जा-बचतीचं प्रमाणपत्र अडणार."

आम्ही काही दगड नाही. बाबांनाच अस्तर लावता येईल का, असंही मी विचारलं (येतं, पण त्याची हमी मिळत नाही). अखेर त्यांचा पलंग गॅलरीत हलवला. जाताना त्यांनी पुन्हा पांघरुणाचं नाव काढलं. स्वभावाला औषध नाही.

आता ती खोली 'उत्कृष्ट' श्रेणीत आहे. शेजारीपाजारी पाहायला येतात, दारातूनच डोकावतात (आत माणूस गेला की आकडे बिघडतात). परतताना गॅलरीत बाबांचे गारठलेले हात हातात घेतात. "अहो, या वयात!" म्हणत खरोखर हळहळतात. मग मला बाजूला घेऊन हळूच सल्लागारांचा नंबर मागतात.

तुम्हीही आत्ता हळहळलात, मी पाहिलं. घ्या लिहून.