सासूबाईंची पाखरं

"फीडर काढलात तर गाठ माझ्याशी आहे!" बायको म्हणाली, आणि विमा एजंटने उचललेली शिडी मुकाट्याने भिंतीला टेकवली.

आता याला भित्रा म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण मागच्या अंगणात पाखरांसाठी टांगलेल्या त्या दाण्यांच्या फीडरखाली आदल्या संध्याकाळी चांगलं धट्टंकट्टं अस्वल उभं होतं. जन्मभर लोकांना संकटांची भीती घालून विमे विकणाऱ्या या गृहस्थाने ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली.

"अगं, वनखात्याचा माणूस म्हणाला, दाणे आहेत तोवर ते येतच राहणार."

"आणि आईचं काय? इथे आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायची, घास जात नव्हता. आता कुठे खिडकीशी बसते, हसते, दोन घास खाते. जीव रमलाय तिचा त्या पाखरांत. आणि हो, अस्वलाचं तिला कळू देऊ नका. हाय खाईल ती!"

झालं! त्याने फीडर दोरीने उंच चढवला. अस्वलाने खांबच वाकवला. मग त्याने दाण्यांना तिखट चोळलं. चोळताना स्वतःच शिंकून शिंकून बेजार झाला, आणि अस्वल दाणे फस्त करून वर बादलीभर पाणी पिऊन गेलं. मग कुंपणाला रिकामे डबे बांधले, आलं तर खडखडाट होईल म्हणून. खडखडाट झाला खरा, पण वाऱ्याने. दर वेळी हा टेबलाखाली.

शेवटी ठरलं, ऊन उतरायच्या आत फीडर घरात घ्यायचा. त्या दिवशी तो शिडीवर चढला, हुकाला हात घातला, आणि मागे डबे वाजले. या वेळी वारा नव्हता.

अडगळीच्या खोलीच्या पत्र्यावर आपण कसे पोचलो, हे त्याला आजही सांगता येत नाही. शिडी खाली आडवी, शिडीवर अस्वल, आणि फीडर याच्या पोटाशी.

"मेलो! अगं, धाव!" तो किंचाळला. खिडकी उघडली. सासूबाई!

"जावईबापू, ओरडताय काय? बुजेल ना ते!"

"आई, आत व्हा! अस्वल आहे ते!"

"मग, मला काय मांजर वाटलं? रोज येतं. टाका बघू ते दाणे खाली."

त्याने फीडर खाली सोडला. अस्वलाने सावकाश, अगदी शेवटचा दाणा टिपेपर्यंत खाल्लं आणि चालतं झालं. तोवर बायको आईमागे येऊन उभी राहिली होती, पांढरीफटक.

"आई, तुला ठाऊक होतं? अगं, मग तुझी पाखरं?"

"कसली पाखरं गं? या डोळ्यांना पाखरं दिसतात होय? तुम्ही एवढ्या हौसेने टांगलंत, म्हणून काही बोलले नाही. ते अस्वल एवढं एकच काय ते मला धड दिसतं. तुम्हाला सांगितलं असतं तर हाकललं असतंत."

वनखात्याच्या माणसाने स्वतः येऊन फीडर काढून नेला. अस्वल यायचं थांबलं. सासूबाई पुन्हा भिंतीकडे वळल्या. ताट जसंच्या तसं परत जायला लागलं. आपण वाचलो याचा जावयाला आनंदही धड होईना.

एका संध्याकाळी, गार होतं म्हणून जुना काळा ओव्हरकोट चढवून, तो पडलेले डबे गोळा करायला अंगणात वाकला. तेवढ्यात खिडकीतून हाक आली, "अगं, आलं बघ! आलं!"

तो जागच्या जागी गोठला. नक्की मागेच असणार! जीव मुठीत धरून त्याने मान वळवली. मागे कुणी नव्हतं. कुंपण, डबे आणि तो.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पळावं असं फार वाटलं. तरी त्याने दोन्ही हात जमिनीला टेकले आणि कुंपणाकडे घाबऱ्या घाबऱ्या बघत तो रांगायला लागला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघराचं दार किलकिलं झालं.

"अहो," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अजून जरा रांगा. आई जेवतेय."